पोवळ्या बैलाचा गुन्हा

"माझा बैल बुजला नाही, हे घसा फोडून सांगितलं, पण एकानेही खरं मानलं नाही!" करंजनगरच्या चौकशीघरापुढे सामा गाडीवाली ओरडत होती. त्या नगरात राजा शिवदत्ताचा अंमल होता आणि त्या जन्मी बोधिसत्त्व महीधर या नावाने त्याचे मार्गाध्यक्ष होते. गाड्यांचे अपघात असोत की वाटेवरची लबाडी, सगळ्या तपासांवर देखरेख त्यांची.

घाट उतरताना गाडी सुटू नये म्हणून मागे खैराचा जड ओंडका बांधायचा, असा राजनियम होता. ओंडके भाड्याने देण्याचा ठेका कूटकाकडे होता. ओंडका बांधूनही सामाची गाडी उतारावर सुटली, उलटली आणि तिच्या नवऱ्याचा पाय मोडला. तपासनीस भद्रघोषाने नेहमीचाच निकाल दिला: बैल बुजला. शिक्षाही नेहमीचीच: डोळ्यांवर झापड बांधून जन्मभर तेलाच्या घाण्याला.

सामा हटेना, तेव्हा भद्रघोषाने पोवळ्याच्या कानाशी शंख फुंकला. पोवळ्या रवंथ करीत राहिला.

"बघा, किती मुरलेला गुन्हेगार आहे!" भद्रघोष म्हणाला.

लोक खो खो हसले. ते ऐकून बोधिसत्त्व बाहेर आले.

"बाई, झालं काय?"

"ओंडका, महाराज! गाडी धरून ठेवायची सोडून मेला टणाटणा उड्या मारत होता."

"खोटं बोलते!" कूटक पुढे सरसावला. "अस्सल खैर आहे, स्वामी. चौघांना हलत नाही."

"उत्तम," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले. "खैरावर वजनाप्रमाणे कर आहे, नियम जुनाच. तू तो कधी भरलेला नाहीस. भद्रघोषा, तराजू मागव."

कूटकाचा चेहरा उतरला. "कसला खैर, स्वामी? पांगारा आहे हो, पिसासारखा हलका! वर नुसता गेरू फासलाय." खात्री पटावी म्हणून त्याने ओंडका खांद्यावर टाकून अंगणात दोन गिरक्याही घेतल्या. तिसऱ्या गिरकीला शिपायांनी त्याला ओंडक्यासकट धरला.

पोवळ्या सुटला. सामा मात्र जागची हलली नाही.

"आणि आधीचे बैल? घाण्याभोवती फिरताहेत अजून. त्यांच्या निकालावर शिक्का कुणाचा?"

भद्रघोष कानाशी लागला. "स्वामी, जुनं उकरू नका. पद जाईल."

"शिक्का माझा," बोधिसत्त्व म्हणाले. "घाटात पाऊल न टाकता मारलेला."

त्यांनी राजमुद्रा काढून ठेवली, सगळे बैल सोडवले आणि दवंडीवाल्याला बोलावणं धाडलं.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कूटक म्हणजे पाणचट आमटीला दाट म्हणणारा आपला वाढपी गोणक. त्याला मान डोलावणारा चुंदिल, तो भद्रघोष. प्रवचनात ढिम्म न हलणारे कुंभक स्थविर म्हणजे पोवळ्या. सामा म्हणजे उपासिका वेणुमती. तिच्यापुढे आजही कुणाचं काही चालत नाही. मार्गाध्यक्ष मीच होतो."

पद गेलं तरी चालेल, खरं सुटता कामा नये, हीच सत्यपारमिता. त्या दिवशी करंजनगरात दवंडी पिटली गेली ती अशी: लबाडीचा दोषी कूटक, डोळेझाकीचा दोषी भद्रघोष, आणि निरपराध बैलांना घाण्याला धाडण्याचा दोषी, मार्गाध्यक्ष महीधर.