पहारेकऱ्यांची पेज

म्हातारे पहारेकरी दीर्घायुषी व्हावेत म्हणून कोरलगडच्या राजवैद्यांनी, धुंडिराजशास्त्रींनी, राजाकडून हुकूम काढवून घेतला. पहारेकऱ्यांनी दिवसातून एकदाच जेवायचं, तेही नुसती पेज. महिनाभरात त्यांना दरवाजाचा अडसर उचलेना. राजा त्यांना कामावरून काढायला निघाला.

तेव्हा मुदपाकखान्यातली सत्तरीची अन्साबाई थेट दरबारात आली. तिचा नवराही त्याच पहाऱ्यावर होता.

“महाराज, उपासाला माझी ना नाही. मीही एकदाच जेवते. पण त्या जेवणात उसळ, दूध, अंडं हवं. म्हातारपणी अंगातलं मांस झडतं.”

“अडाणी बाई!” शास्त्री गरजले. “गुण उपासाचा असतो. ताटात काय आहे, याने काडीचा फरक पडत नाही.”

“मग ताटं बदलू या. तुम्हीही साठीचे, तुम्हीही एकदाच जेवता. तुमची उसळ आणि दूध पहारेकऱ्यांना, त्यांची पेज तुम्हाला.”

“छे! या वयात नुसत्या पेजेवर माझ्या पायांत बळ कसं राहील?”

दरबार हसला. अन्साबाई हसली नाही. ती राजाला म्हणाली, “ऐकलंत? वैद्यबुवांनी स्वतःच निदान केलं.”

त्याच दुपारी पहारेकऱ्यांच्या पंगतीत हरभऱ्याची उसळ आली. राजाच्या हुकुमाने ती वाढत होते धुंडिराजशास्त्री.