वीज गेल्यावरची घागर

आमच्याकडे पहाटेची वीज म्हणजे रुसलेला जावई, कधी येईल नेम नाही. हौसाक्काची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तान्ह्याला रोज ऊन पाणी हवं. म्हणून हौसाक्का जळणावरचा तांब्याचा बंब घ्यायला गेली. दुकानदार मोतीशेठ हसला, "अडाणी ते अडाणीच! विजेचा गिझर न्या, दहा वर्षांची गॅरंटी."

"नेते की. फक्त एवढं लिहून द्या, वीज गेली की ऊन पाण्याची घागर तुमच्या घरून न्यायची."

शेठ उखडला, "वा बाई! तुमच्यासाठी रोज आमचा बंब पेटवायचा काय?"

गिऱ्हाईकं खदाखदा हसली. हौसाक्का म्हणाली, "मग शेठ, तुमच्या घरी आहे तसाच बंब मला द्या!"

दुसऱ्या पहाटे वीज गेली, तेव्हा तान्हं ऊन पाण्यात हात आपटत होतं.