ठुमीचा गोंडा

एका माळावर मेंढ्यांची वाडी. वाडीत एवढंसं कोकरू. त्याचं नाव ठुमी. ठुमीच्या अंगावर काळी काळी लोकर, मऊ मऊ लोकर.

एक दिवस वाडीचे धनगर सिदूआबा आले. हातात मोठ्ठी कात्री. कच कच कच. ठुमीची पहिलीवहिली लोकर निघाली. ठुमी झाली तुळतुळीत.

"आबा, माझी लोकर कुठे चालली?"

"बिरूबाळाला," आबा म्हणाले. "घरात बाळ आलं, की कोकराच्या पहिल्या लोकरीची घोंगडी करायची. आपली रीतच हाय ती."

ठुमीच्या पोटात दुखायला लागलं. बिरूबाळाला पाळणा. बिरूबाळाला खुळखुळा. बिरूबाळाला आईची मांडी. आणि आता लोकरसुद्धा बिरूबाळाला. ठुमीने तोंड फुगवलं आणि निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

ती गेली तम्माकाकांकडे. तम्माकाका मागावर घोंगड्या विणतात. पण आज माग गप्प होता.

"काका, काका, माझी लोकर परत द्या."

"ती आता बाळाची गं ठुमे," काका म्हणाले. "पण थोडी उरंल. उरलेल्या लोकरीचा तुला गोंडा करतो. गळ्यात बांध आणि मिरव. पण आधी घोंगडी. आणि माझी खळ संपलीया. खळ लावल्याशिवाय सूत ताठ होत नाही. चिंचोके आण. खळ शिजवतो, मग विणतो."

गोंडा? ठुमीचे कान उभे राहिले. बाळाकडे पाळणा होता, खुळखुळा होता, पण गोंडा नव्हता. मग तर ठुमीला गोंडा हवाच. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

ती गेली चिंचेकडे.

"चिंचेबाई, चिंचेबाई, चिंचोके दे.
काका घोंगडी विणेना,
गोंडा मला मिळेना.
सगळं बाळाला, ठुमीला काही नाही."

चिंचेला नाक असतं तर तिने मुरडलं असतं.

"मी नाही देत," चिंच म्हणाली. "वारा रोज पिंपळाशी खेळतो. सळसळ, सळसळ. माझ्याकडे फिरकतसुद्धा नाही. वाऱ्याला आण, मग देते."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ठुमी गेली वाऱ्याकडे. वारा टेकडीमागे लोळत होता.

"वारोबा, वारोबा, चिंचेकडे चल.
चिंच चिंचोके देईना,
काका घोंगडी विणेना,
गोंडा मला मिळेना.
सगळं बाळाला, ठुमीला काही नाही."

"मी नाही येत," वारा म्हणाला. "कोंबडा रोज सूर्याला हाक मारतो. कुकूचकू, कुकूचकू. मला कधी कोणी हाक मारतं का? कोंबड्याला हाक मारायला सांग, मग येतो."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ठुमी गेली कोंबड्याकडे. कोंबडा उकिरड्यावर उभा होता, मान ताठ करून.

"कोंबडेदादा, कोंबडेदादा, वाऱ्याला हाक मार.
वारा चिंचेकडे येईना,
चिंच चिंचोके देईना,
काका घोंगडी विणेना,
गोंडा मला मिळेना.
सगळं बाळाला, ठुमीला काही नाही."

"मी नाही मारत," कोंबडा म्हणाला. "बिरूबाळ मांजराला बघून हसतं. कुत्र्याला बघून हसतं. मला बघून रडतं. बाळाला हसायला सांग, मग मारतो."

ठुमी थबकली. बाळाकडे जायचं? ज्याने लोकर घेतली त्याच्याकडे? नको बाई. ती मागे वळली. मग तिला गोंडा आठवला. ती पुन्हा पुढे वळली. या वेळी टुणुक टुणुक नाही. एक पाय, मग दुसरा पाय, हळू हळू.

बाळ आईच्या मांडीवर होतं. टॅहॅ टॅहॅ रडत होतं. ठुमीने दुसरीकडे बघत सांगितलं,

"बाळा, बाळा, हस.
कोंबडा हाक मारेना,
वारा चिंचेकडे येईना,
चिंच चिंचोके देईना,
काका घोंगडी विणेना,
गोंडा मला मिळेना.
सगळं बाळाला..."

एवढ्यात तिने बाळाकडे बघितलं. बाळाच्या डोक्यावर एकही केस नव्हता. डोकं तुळतुळीत.

"याचे केस कुठे गेले?" ठुमीने विचारलं.

"आज त्याचं जावळ काढलं," आई म्हणाली. "केस गेले, आणि घोंगडी अजून आली न्हाई. थंडी वाजतीया माझ्या लेकराला."

थंडी तर ठुमीलाही वाजत होती. ती जवळ सरकली. आणखी जवळ सरकली. तिची तुळतुळीत पाठ बाळाच्या तुळतुळीत डोक्याला लागली. गुदगुल्या झाल्या. बाळ हसलं, खुदकन. दारातून कोंबडा डोकावत होता. त्याला बघून बाळ आणखी हसलं, खुदूखुदू.

बाळ हसलं, कोंबड्याने हाक मारली. कुकूचकू, वारोबा, ये.
कोंबड्याने हाक मारली, वारा आला. सूं सूं सूं.
वारा आला, चिंच हलली. सळसळ सळसळ.
चिंच हलली, चिंचा पडल्या. टप टप टप.
काकांनी चिंचोके काढले, कुटले, खळ शिजवली. रट रट रट.
मग माग बोलायला लागला. खट खट खटाक, खट खट खटाक.

घोंगडी झाली. आणि उरलेल्या लोकरीचा झाला गोंडा. काळा काळा, गुबगुबीत.

ठुमीने गोंडा गळ्यात बांधला. मिरवत मिरवत आली. बाळासमोरून गेली. मुद्दाम पुन्हा गेली. बाळाने नवी घोंगडी लाथेने उडवली आणि गोंड्याकडे हात केला. आँ, आँ. आता दुखायला लागलं बाळाच्या पोटात.

"गोंडा माझा," ठुमी म्हणाली.

पण बाळाचा हात गार होता. ठुमीने थोडा विचार केला. मग ती बाळाशेजारी आडवी झाली. आईने दोघांवर घोंगडी घातली.

घोंगडी बाळाची, पण ठुमीच्या अंगावर. गोंडा ठुमीचा, पण बाळाच्या मुठीत. दोघंही गाढ झोपली.

आणि दाराशी मांजर बसलं होतं. तोंड फुगवून.