शेणदेवाचं झाड

माणखोलच्या रवळनाथाच्या देवळामागं हे जे झाड दिसतंय, ते जंगली बदामाचं. बुंध्याशी शेणखताची पाटी ओतलेली आहे, ती कुणाची घाण नव्हे, नैवेद्य आहे. तेव्हा चपला तिकडं काढा. आणि फाल्गुनात फूल असतं तेव्हा वास हा येणारच. अत्तर पाहिजे असेल तर दुसऱ्या गावाला जा.

फार पूर्वी हे झाड तोडायचं ठरलं होतं, असं सांगतात. तोडणारा होता हरबा खोत. त्याच्या मोठ्या मुलीच्या लग्नात झाड ऐन फुलावर होतं. वऱ्हाडी पंगतीला बसले, वारा फिरला आणि निम्मी पंगत वरणभात टाकून नदीकडं पळाली. आता धाकटीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. खोतानं भिकू सुताराला कुऱ्हाड घेऊन बोलावलं.

पण देवळाचा सोनू गुरव आडवा आला. त्याचा नवस होता, की आपण जिवंत असेपर्यंत देवापुढचा दिवा विझू देणार नाही. आणि दिव्याला तेल होतं ते याच झाडाच्या बियांचं. दुसरं तेल आणायची त्याची ऐपत नव्हती. झाड गेलं की दिवा गेला, दिवा गेला की नवस मोडला. तो बुंध्याला पाठ लावून बसला.

"सोन्या, ऊठ," खोत म्हणाला. "दिव्याला दुसरं काहीतरी बघ."

"तुम्ही लग्नाला दुसरा मांडव बघा," सोनू म्हणाला.

अशी जुंपलेली असताना तिथं आठल्ये मास्तर उगवले म्हणे. हे शहरातल्या कॉलेजात झाडं शिकवायचे. पानं-फुलं रद्दी कागदात दाबून न्यायची आणि ज्याला त्याला त्याचं शास्त्रातलं नाव सांगत सुटायचं, एवढाच उद्योग. शास्त्रातल्या नावाचा प्रकार असा, की कुळाचं नाव आधी आणि स्वतःचं मागून. मास्तर भिकूला सांगायला लागले, "तुमच्या तेरड्याच्या कुळाचं नाव म्हणजे अधीर. बोंड पिकलं की हात लावायचा अवकाश, फुटलंच. मुरुडशेंगेच्या कुळाचं नाव म्हणजे पिळलेली. ऐनाची पानं फांदीच्या टोकाला, म्हणून त्याचं कूळ टोकाचं."

"मग याचं कूळ कुठलं?" सोनूनं बसल्या जागेवरून विचारलं.

मास्तर जरा घुटमळले. "स्टर्क्युलिया. म्हणजे, काय आहे, रोमन म्हणून लोक होते. त्यांचा एक देव होता, शेणखताचा. शेतात खत घालायला माणसाला त्यानंच शिकवलं असं ते मानायचे. फुलाच्या वासावरून या झाडाला त्याचं नाव दिलं."

भिकूनं कुऱ्हाड खाली ठेवली. "मी नाय घालायचा घाव. देवाचं झाड हाय."

"अरे, रोमचा देव तो. आपल्या हद्दीत त्याचं काय काम?" खोत ओरडला.

"खोत, तुमची शेतं कशावर पिकतात?" सोनू म्हणाला. "तुमच्या बापाच्या नावावर का शेणावर?"

जमलेली माणसं हसली. खोत मास्तरांवर उलटला. "तुम्ही त्या देवाचे भगत ना? मग नाकाला धोतराचा सोगा कशाला?"

मास्तर भगत नव्हते, पण तसं सांगितलं असतं तर कुऱ्हाड पुन्हा उचलली गेली असती. त्यांनी सोगा सोडला. डोळ्यांतून पाणी गळत असताना ते ताठ उभे राहिले आणि झाडाचं पुरतं नाव मोठ्यानं म्हणाले. मागच्या नावाचा अर्थ घाणेरडा वास असा आहे. पण कुणी विचारला नाही आणि त्यांनी सांगितला नाही. लोकांना तो मंत्रच वाटला. सगळ्यांनी हात जोडले.

खोत एकटा पडला. आवाज उतरवून म्हणाला, "सोनू, वऱ्हाड परत पळालं तर माझ्या पोरीचं काय?"

"जो वासाला पळेल," सोनू म्हणाला, "तो तिच्या बाळंतपणाला उभा राहील काय?"

खोत स्वतः गोठ्यात गेला, शेणखताची पाटी भरून आणली आणि बुंध्याशी ओतली. चार दिवसांनी लग्नाला आलेल्या नवऱ्याला त्यानं आधी या झाडाखाली उभा केला. नवरा हलला नाही. त्याला पडसं होतं असं काही शहाणे सांगतात. असेल. पण उभा राहिला ना? सोनूचा दिवा त्याच्या शेवटच्या श्वासापर्यंत जळत होता, आणि पुढं त्याच्या पोरांनी तो विझू दिला नाही.

आजही माणखोलात शेतात खत पडायच्या आधी पहिली पाटी इथं पडते. आजही मुलगी मागायला येणाऱ्यांना आम्ही मुद्दाम फाल्गुनातच बोलावतो आणि नवऱ्या मुलाला चहा या झाडाखाली देतो. कप संपेपर्यंत नाकाला हात गेला नाही, तर पुढची बोलणी. गेला, तर हातात नारळ आणि एस.टी.चा रस्ता. आमच्या धाकटीपायी तीन नारळ गेले. चौथ्यानं कप संपवला आणि म्हणाला, अजून अर्धा मिळेल का? त्याला दिली.