उतारावरचा हिसका

“मग हिसका येतो कुठून, उस्ताद?”

कोन्राड हाइलमाननं हे तिसऱ्यांदा विचारलं. ब्रदर लिओन्हार्ड मठाच्या परसात घेवड्याच्या शेंगा निवडत बसले होते. त्यांनी एक शेंग मोडली, आत कीड आहे का ते पाहिलं आणि टोपलीत टाकली.

“येतो हे नक्की?”

“नक्की म्हणजे काय! मी स्वतः बसतो ना सायकलवर.”

माइन नदीकाठच्या त्या मुलखात कोन्राडला न ओळखणारा माणूस शोधूनही सापडला नसता. आठ वर्षांपूर्वी सायकलच्या शर्यतीत तो उतरला, की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठी झगडायचे. मग एका शर्यतीत मांडीचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी शर्यती कायमच्या बंद केल्या. दुसरा कुणी असता तर पदकं पुशीत बसला असता. यानं कारखाना काढला. आधी सायकलच्या चाकातल्या पोलादी गोळ्या, आणि हल्ली तर मोटारगाड्यांची बेअरिंगं. पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला! कारखान्याच्या अंगणात कुणी पुढे चाललेला दिसला, की याची चाल आपोआप वाढायची.

ब्रदर लिओन्हार्ड मठात येण्याआधी शहरात हत्यारं घडवायचे. कोन्राडच्या हातात पहिली कानस त्यांनीच दिली होती. म्हणून त्यांच्या अंगावर कपुचिन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा तपकिरी झगा आला, तरी त्याच्या तोंडी ते उस्तादच राहिले.

“दाखव,” ते म्हणाले.

कोन्राडनं भिंतीला टेकवलेली सायकल पुढे आणली. मागच्या चाकाच्या मधोमध त्याचा नवा हब चकाकत होता. चार वर्षांची मेहनत होती ती. त्याच्या शर्यतीच्या सायकलींचं पायडल चाकाला जखडलेलं असायचं. चाक फिरतंय तोवर पायही फिरणारच. या हबचं तसं नव्हतं. पाय थांबवले तरी चाक आपलं धावत राही, आणि पायडल मागे रेटलं की ब्रेक लागे.

“कुणासाठी केलास?”

“ज्यांचे पाय दमतात त्यांच्यासाठी. टपालवाले, सुईणी, म्हातारी माणसं...”

“तुझे?”

“माझे पाय दमत नाहीत.”

म्हाताऱ्यानं मान डोलावली. हो की नाही, ते काही कळलं नाही.

“हिसका दुसऱ्या कुणाला लागतो?”

“लागत असणारच. बोलत नाहीत एवढंच. वेंडेल, माझा सगळ्यात जुना फिटर, चाळीस वेळा उतार उतरला. म्हणतो, लोण्यासारखी येते. मालकाला खूश ठेवायचं, दुसरं काय! काल सगळ्यांदेखत मी त्याला खोटारडा म्हटलं.”

“मग?”

“टोपी घातली आणि निघून गेला.”

शेंगांवरचा हात थांबला. क्षणभरच.

“सात वेळा हब उघडलाय मी,” कोन्राड म्हणाला. “स्प्रिंगा बदलल्या, ब्रेकचं कवच बदललं. दोष सापडत नाही. उद्या सकाळी आठला भट्टी पेटणार. तयार झालेले सगळे हब वितळवायचे. एक घाव दोन तुकडे! खोटा माल माझ्या नावानं बाहेर जाणार नाही.”

आवाज चढलेला होता, पण आतून माणूस घाबरला होता. हब गेला तर उरणार कोण? एक लंगडा, जुना विजेता. लोकांनी त्याची पदकं बघायची आणि हळहळायचं. ही कीव त्याला त्या मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दुखायची.

ब्रदर लिओन्हार्ड उठले. झग्याचा घोळ वर घेऊन त्यांनी कमरेच्या दोरीत खोचला, सायकल हातात घेतली आणि कोन्राड काही बोलायच्या आत उतारावर निघालेसुद्धा.

मठापासून रस्ता सरळ खाली ओढ्यापर्यंत जाई. ओढ्यावर दगडी पूल, आणि पूल ओलांडला की पलीकडच्या छोट्या देवळाकडे चढ. सत्तरीचा म्हातारा, त्यात पायात वहाणा... कोन्राड लंगडत चार पावलं मागोमाग धावला.

उस्तादांचे पाय पायडलवर नुसते ठेवलेले होते. ओसरीवर बसल्यासारखे ते पुलापर्यंत गेले. तिथे अलगद थांबले, उतरले, पाण्यात काहीतरी निरखत बसले आणि मग सायकल ढकलत सावकाश वर आले.

“लागला?”

“नाही बुवा.”

“तुमचं वजन कमी आहे.”

“असेल.”

“आणि तुम्ही नशीबवान आहात!”

“तेही असेल. आता तू जा.”

कोन्राड गेला. पुलापर्यंत तीनदा हिसका बसला. तिसऱ्या वेळी तर तो हँडलवरून पलीकडे जायचाच बाकी होता. परत आला तो लालबुंद होऊन.

“पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“मग? दोष कुठे आहे?”

उस्ताद आत गेले, पक्कड घेऊन आले आणि गुडघ्यावर बसून त्यांनी सायकलची चेन काढली. ती झग्याला पुसली आणि जपमाळेशेजारी कमरेला अडकवली.

“चेन नाही तर ब्रेक नाही!” कोन्राड ओरडला.

“पुढे चढ आहे. थांबेल आपली आपण. मी तिथे उभा राहतो. हात वर केला की निघ.”

“पण चेन काढून काय कळणार?”

“मलाही बघायचंय,” म्हातारा म्हणाला आणि उतार उतरू लागला.

कोन्राड वरती उभा राहिला. राग केव्हा ओसरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. चेनच नाही, तर पायडलचा हबशी संबंध उरत नाही. मग म्हाताऱ्याला बघायचंय तरी काय? बऱ्याच दिवसांनी त्याला खरोखरच काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

खालून हात वर झाला.

सायकल सुटली. कानांत वारा भरला. झाडं मागे पडली, पूल आला, गेला. हिसका नाही. एकही नाही! चढावर वेग मंदावत गेला. सायकल थांबता थांबता उस्तादांनी पुढे होऊन हँडल पकडलं आणि कोन्राडनं देवळाच्या कुंपणाला हात टेकवला.

“नाही लागला!” तो सीटवरूनच ओरडला. “उस्ताद, सापडलं! दोष चेनमध्ये आहे!”

उस्ताद खाली बघत होते.

कोन्राडनंही खाली बघितलं.

सायकल उभी होती. त्याचे पाय फिरत होते. उजवा, डावा, उजवा, डावा... चेन नसलेलं पायडल गोल गोल फिरत होतं. कशालाच फिरवत नव्हतं, नुसतंच फिरत होतं.

“हे... कधीपासून?”

“वरपासून. मी फेरे मोजत होतो. जमलं नाही.”

कोन्राडनं पाय थांबवले. थांबवायला त्याला जोर लावावा लागला.

ओढ्याचा आवाज येत होता.

“म्हणजे मी पाय थांबवतच नव्हतो,” तो हळूहळू म्हणाला. “उतारावरही फिरवत होतो. आणि वेग वाढला की मागे रेटत होतो. शर्यतीच्या सायकलवर तसाच आवरायचा ना वेग... आणि मागे रेटलं की माझा हा हब...”

“हं.”

“ब्रेक लावत होता. त्याला सांगितलं तेच तो करत होता.”

“हं.”

“चार वर्षं, उस्ताद! मी बनवला तो. आणि एकदाही...” त्याला वेंडेलचा चेहरा आठवला आणि लाजेनं कान तापले. “वेंडेल खरं बोलत होता.”

म्हातारा हँडल धरूनच उभा होता.

“द्या ती चेन! मला निघायला हवं. आधी वेंडेलच्या घरी, मग भट्टी थांबवायला हवी, मग सगळ्यांना जमवून...” बोलता बोलता त्याचा हात उस्तादांच्या कमरेकडे गेलासुद्धा.

“भट्टी उद्या सकाळची आहे,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी कोन्राडच्या गुडघ्यावर तळवा ठेवला. गुडघा अजून फिरायला बघत होता...

“बस जरा. तू पोचलास. पाय अजून वाटेत आहेत.”