दवाखान्याची पिशवी

“मग चोरीला गेलं तरी काय?” महाराजांनी विचारलं.

“काहीच नाही. अकरा वर्षांत एक बटणसुद्धा नाही,” पद्माकर म्हणाला.

पद्माकर बिडवई हा लातूरकडचा फोटोग्राफर. भवानपुरी महाराज टेकडीवरच्या मठात एकटेच राहत. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना भिंतीला टेकूनच बसावं लागे.

महागाचा कॅमेरा कसा सांभाळावा, ते पद्माकरकडून शिकावं. कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी. लेन्स जुन्या मोज्यांत. चकचकीत बॅग म्हणजे चोराला आवतण, म्हणून सगळं एका मळक्या कापडी पिशवीत. वर एक्स-रेचं पाकीट, औषधांच्या चिठ्ठ्या आणि लघवीचं भांडं. आजाऱ्याच्या पिशवीला कोण हात लावतो? हे सगळं त्यानं महाराजांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. मठात येऊनही त्याला शाबासकीच हवी होती.

“चिठ्ठ्या कुणाच्या?”

पद्माकरचा तोरा उतरला.

“अण्णांच्या. माझ्या वडिलांच्या.”

...

मग तो हळूहळू बोलू लागला. अण्णा दवाखान्यात होते, तीस खाटांच्या वॉर्डात. कॅमेरा दिसला की जन्मभर तोंड फिरवणारा माणूस. मुलगा फोटोग्राफर, आणि घरात बापाचा एक धड फोटो नाही. एका सोमवारी दुपारी ते आपणहून म्हणाले, पद्मा, माझा एक काढ.

पिशवी खाटेखालीच होती. पण आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं. कॅमेरा एकदा दिसला की पिशवीचं बिंग फुटणार, आणि मुक्काम तर तिथंच. तो म्हणाला, घरी गेल्यावर काढू.

अण्णा घरी आलेच नाहीत.

“हजारो लोकांचे चेहरे काढले मी, महाराज. आणि डोळे मिटले तर अण्णांचा चेहरा नीट दिसत नाही. दिवसेंदिवस पुसट होतोय... मी काय करू?”

महाराजांनी भिंत सोडली. हातांवर जोर देत, कण्हत, ते ताठ बसले आणि दाढीवरून हात फिरवला.

“माझा काढ.”

पद्माकरनं चिठ्ठ्या बाजूला केल्या. मोज्यातून लेन्स काढली, बसवली, कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात दारात एक अनोळखी गवळी आला. दुधाची चरवी ठेवायला वाकला.

वर बघतो तर पद्माकरचे हात रिकामे होते. कॅमेरा पिशवीत, वर चिठ्ठ्या, त्यावर भांडं. सगळं जागच्या जागी.

गवळी नमस्कार करून निघून गेला.

आपण काय केलं ते पद्माकरला आता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महाराज अजून तसेच ताठ बसले होते. वेदनेनं त्यांचे खांदे थरथरत होते.

“टेका, महाराज. टेकून बसा... मी कॅमेरा पुन्हा काढतो.”

महाराज टेकले नाहीत.

“अण्णांना बसता येत होतं?”

“नाही. पडूनच असायचे...” पद्माकरला हुंदका आवरेना. “त्या दिवशी उठून बसले. फोटोसाठी.”

“तू घरी काढू म्हणालास. त्यानंतर किती वेळ बसून होते?”