होळीआधी कापलेली फांदी

“बाबा, माझे कान कधी चिरणार?”

नरहरीनं मान वर न करता विचारलं. मठाच्या बागेत विहिरीच्या काठावर बसून तो कोयत्याला धार लावत होता. भिजवलेल्या दगडावर पाणी शिंपडायचं, पातं अलगद ओढायचं, पुन्हा पाणी. भर दुपारी बागेत तेवढाच आवाज होता.

कान चिरून त्यात कुंडलं घातली, की माणूस नाथांचा जोगी झाला. त्याआधी घर तुटलेलं हवं, एवढीच या मठाची अट. नरहरी म्हणे, आपलं कधीच तुटलंय. हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं, की बागेतल्या साळुंक्यांनाही पाठ झालं असावं.

सिदनाथबाबा जास्वंदीपाशी उभे होते.

“घरी कोण आहे?”

“कुणी नाही.”

“कुणीच?”

“बायको होती. पहाटे दळत बसली होती. मी मागच्या दारानं निघालो. भांडण नाही, रडारड नाही.” हे सांगताना नरहरीला दर वेळी बरं वाटायचं. “या कोयत्यासारखं, बाबा. एका घावात.”

“तिला दुखलं?”

“दुखतंय कसलं! कळलंसुद्धा नसेल.”



बाबांनी फरशीवर पडलेल्या जास्वंदीच्या फांदीकडे बोट केलं. “ही कुणी कापली?”

“मीच. होळीच्या आधी.”

“आता रामनवमीही झाली.”

नरहरीनं पाहिलं. तेव्हा छाटलेला बाकीचा ढीग वाळून चुलीत घालण्याजोगा झाला होता. ही एकच फांदी तापल्या फरशीवर हिरवीगार होती. टोकाला आजचं ताजं फूल होतं, शेजारी कालचं गळून पडलेलं. खाली ना माती, ना पाणी.

रोज सकाळी फरशी झाडताना आपण हीच गळलेली फुलं लोटत आलो, हे त्याला आत्ता आठवलं.

“बाबा... ही मेली कशी नाही?”

“धार फार चांगली लावली होतीस. तिला अजून कळलं नाही.”

वारा पडला होता. फांदीवरची एक कळी भर उन्हात हळूहळू उघडत होती.

“अंगठा बघ,” बाबा म्हणाले.

सकाळी सवयीनं त्यानं धारेवरून अंगठा फिरवला होता. अंगठ्यावर केसाएवढी रेघ होती. त्यानं ती ताणली, तर ती खोल फाकली. आत पांढरं दिसलं. रक्त नव्हतं. दुखतही नव्हतं.

नरहरी घाबरला. “हे काय झालंय मला?”

“तिचं नाव काय?”

“कुणाचं?”

“दळत होती तिचं.”

मठात आल्यापासून ते नाव नरहरीनं एकदाही घेतलं नव्हतं.

“भागू...”

कळ थेट मस्तकात गेली. तो ओरडला. अंगठ्यातून रक्त भळाभळा वाहू लागलं आणि दगडावरचं राखाडी पाणी लाल झालं. फरशीवरच्या फांदीची पानं त्याच्या डोळ्यांदेखत मलूल झाली, आक्रसली, काळी पडली. उघडती कळी तशीच गळाली.

हात छातीशी धरून नरहरी लहान पोरासारखा रडला. किती वेळ रडला, त्याचं त्यालाही समजलं नाही. मग तसाच गुडघ्यांवर पुढे सरकला आणि त्यानं मान वाकडी करून कान पुढे केला.

“आता तरी, बाबा?”

बाबांनी उपरण्याची चिंधी फाडून त्याचा अंगठा बांधला. कोयता धुतला, पुसला, भिंतीला टांगला. कानाला त्यांनी हात लावला नाही.

“घरी जा,” ते म्हणाले. “ती अजून दोघांचं दळतेय.”